अस्सल बरहुकूम नक्कल : 'सर्टिफाइड कॉपी' (२०१०) बघितलाय का कुणी?

कोरांटी

शनिवारी रात्री घरातले झोपल्यावर 'सर्टिफाइड कॉपी' लावला, अर्धा बघून झोपू म्हणून, आणि संपवूनच उठले. चार दिवस झाले, भाजी निवडताना, बसमध्ये, सारखा तोच डोक्यात आहे. घरात बोलायला कोणी नाही ह्या विषयावर म्हणून इथे लिहितेय. पुढे सगळी गोष्ट फोडलेली आहे, ज्यांना कोऱ्या मनाने बघायचाय त्यांनी आधी बघून या.

दिग्दर्शक अब्बास कियारोस्तामी, इराणी, पण हा त्याने इराणबाहेर काढलेला पहिला कथापट आणि घडतो सगळा इटलीत, तोस्कानात. जेम्स मिलर नावाचा इंग्रज लेखक आरेत्सोला भाषण द्यायला आलाय. त्याच्या पुस्तकाचं नावही तेच, सर्टिफाइड कॉपी, आणि म्हणणं असं की कलेत अस्सल आणि नक्कल हा भेद आपण उगाच डोक्यावर घेतलाय, चांगली नक्कल आपल्याला अस्सलापाशी घेऊन जाते म्हणून तिलाही मोल आहे. समोर एक फ्रेंच बाई येऊन बसते (ज्युलिएट बिनोश). तिचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे, पिक्चरभर तिला नाव नाही. बरोबर मुलगा, अकराएक वर्षांचा, त्याला भूक लागलीय, तो बाजूला उभा राहून खुणा करतोय, मग ती आपला नंबर लिहून दुभाष्याकडे देते आणि भाषण अर्धं टाकून निघते. कुठल्याही आईने तेच केलं असतं.

मग तो तिच्या दुकानात येतो, दोघं तिच्या गाडीतून फिरायला निघतात. सायप्रेसची झाडं, वळणावळणाचा रस्ता, गाडीच्या काचेवर जुन्या घरांची प्रतिबिंबं सरकतायत आणि त्या प्रतिबिंबांच्या मागे ह्यांचे चेहरे. तो तिच्या सहा प्रतींवर सह्या करतो. गप्पा आहेत, थोडे वाद आहेत, तिचं थोडं चुकतंय थोडं त्याचं. मग एका कॅफेत बसतात, त्याला फोन येतो, तो बाहेर जातो, आणि कॅफेवाली म्हातारी समजते की हे नवरा-बायको आहेत. ही बाई तिला दुरुस्त करत नाही. म्हातारी संसाराच्या चार गोष्टी सांगते, आदर्श नवरा नसतोच कुठे, त्याच्यापायी आयुष्य नासवायचं नाही वगैरे. तो आत आल्यावर ही त्याला सांगते की तिने तुला माझा नवरा समजलंय. आणि तिथून पुढे दोघं खरंच पंधरा वर्षांच्या नवरा-बायकोसारखे बोलायला लागतात. भांडणं सुद्धा. तू कधी घरी नसतोस, काल आपल्या लग्नाचा वाढदिवस होता आणि मी न्हाणीघरातून बाहेर येईपर्यंत तू झोपून गेलास. तो म्हणतो, मी दमलो होतो.

तर प्रश्न हाच. हे दोघं अनोळखी आहेत आणि नाटक करतायत, की आधीपासून नवरा-बायको आहेत आणि पहिला अर्धा तास अनोळखी असल्याचं नाटक करत होते?

माझं म्हणणं मांडते. ते नवरा-बायको नाहीतच. तिचा खरा नवरा कुठेतरी आहे, नाहीतर सोडून गेलाय. आणि हा परका आहे म्हणूनच ती त्याला हे सगळं बोलू शकते. स्वतःच्या माणसाला बोलायला गेलं की पहिल्या वाक्यालाच "परत सुरू झालीस" ऐकावं लागतं. लग्नाला एकोणीस वर्षं झालीत माझ्या, तेव्हा हे मी मनापासून लिहितेय.

रानवारा

कोरांटी, अगं किती दिवसांनी कोणीतरी ह्यावर धागा काढला! मी तीनदा बघितलाय आणि माझं मत बरोबर उलटं आहे. ते नवरा-बायकोच आहेत, किंवा होते.

कॅफेतली फ्लोरेन्सची गोष्ट आठव. तो सांगतो की हे पुस्तक मला कसं सुचलं. पाच वर्षांपूर्वी फ्लोरेन्सच्या हॉटेलच्या खिडकीतून त्याला एक आई आणि मुलगा दिसायचे, आई हाताची घडी घालून पुढे चालतेय, मुलगा बराच मागे, कोपऱ्यावर ती थांबते, तो जवळ आला की परत पुढे चालायला लागते, कधीच बरोबर नाही चालत. मग एके दिवशी तेच दोघं त्याला सिन्योरिया चौकात दाविदच्या पुतळ्यापाशी दिसतात, आई काहीतरी समजावून सांगतेय आणि मुलगा अस्सल पुतळाच बघितल्यासारखा वर बघतोय. चौकातला दाविद नक्कल आहे, मायकेलअँजेलोचा अस्सल पुतळा १८७३ ला तिथून हलवून अकादमीत नेला आणि ही प्रतिकृती १९१० ला उभी केली. मुलाला त्याचं काय! त्याच्या डोळ्यात जे होतं ते अस्सल होतं.

हे ऐकताना बिनोशच्या चेहऱ्यावर कॅमेरा आहे. तिच्या डोळ्यात पाणी येतं आणि ती म्हणते की हे फार ओळखीचं वाटतंय, तेव्हा माझी तब्येत बरी नव्हती. म्हणजे ती आई हीच! आता विचार कर, खिडकीत उभा राहून बायको आणि मुलाला वरून बघणारा आणि खाली न उतरणारा माणूस. त्याने त्यांच्यावरून पुस्तक लिहिलं, पण खाली उतरला नाही. हा नवराच असणार. अनोळखी माणसाचा अनोळखी मुलाला बघून असा जीव अडकत नाही.

शिवाय हे म्हातारीच्या गैरसमजाच्या आधी आहे. नाटक सुरू व्हायच्या आधी ती रडलीय.

साधा_प्रेक्षक

सगळ्यांचा आदर ठेवून लिहितो, मला हा पिक्चर नाही आवडला. मी गोष्ट बघायला बसतो, मला कोण कोणाचं कोण हे कळलं पाहिजे, तेवढा माझा हक्क आहे असं मला वाटतं. तासभर मी जीव लावून त्या दोन माणसांकडे बघितलं आणि मग दिग्दर्शकाने पायाखालची सतरंजीच ओढली. फसवल्यासारखं वाटलं. बिनोशचं काम मात्र अप्रतिम, कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं ते योग्यच.

आणि त्या लेखकाबद्दल सगळेच वाईट बोलतात, मला त्याची बाजू घ्यायचीय. माणूस भाषण देऊन दमलाय, रात्री नऊची गाडी गाठायचीय, पुस्तक लिहिलं म्हणून भेटेल तो त्याला त्यातल्या प्रत्येक वाक्याचा जाब विचारतोय. लिहिलेल्या प्रत्येक शब्दाला जागून जगणारा माणूस कुठे असतो? ती त्याला पहिल्यापासून पुस्तकाच्या बाजूने नाही तर त्याच्या विरुद्ध तपासत असते.

कोरांटी

रानवारा, फ्लोरेन्सचं तुझं म्हणणं काळजाला लागलं, खरंच. पण मग मारीचं काय? गाडीत ती त्याला आपल्या बहिणीबद्दल सांगते, मारी, जिला नकली दागिने आणि खरे ह्यात फरकच वाटत नाही, आणि जिचा नवरा तोतरा आहे, तिला हाक मारताना म-म-म-मारी म्हणतो, आणि मारीला त्या हाकेइतकं गोड जगात काही वाटत नाही. ही गोष्ट ती त्याला नव्याने सांगतेय गं. नवऱ्याला मेव्हणी माहीत नसेल का? पंधरा वर्षांत एकदा तरी साडू भेटला असेल ना!

साधा_प्रेक्षक, तुमचा राग समजू शकते. पण तुम्ही म्हणता ते जाब विचारणं, ते तिच्या जागी राहून बघा. लग्नघरी दोन लोकांसमोर छान बोलणारा माणूस घरी गप्प बसतो तेव्हा बायकोला नेमकं हेच वाटतं, की जे सगळ्यांना दिलंस ते मला का नाही.

शब्दफोड

मी दुभाषाचं काम करते (फ्रेंच-इंग्लिश-मराठी), त्यामुळे माझं लक्ष पूर्ण वेळ भाषांकडे होतं. ह्या पिक्चरमध्ये तीन भाषा आहेत आणि कोण कुठली भाषा कधी बोलतं त्यातच अर्धी गोष्ट आहे असं मला वाटतं.

आधी दोघं इंग्लिश बोलतात, म्हणजे त्याच्या घरात. ती पाहुणी. अडखळते, शब्द शोधते, मध्येच फ्रेंच घुसतं. म्हातारीशी ती इटालियन बोलते आणि तो तेव्हा बाहेर फोनवर असतो, म्हणजे बायका-बायकांचं बोलणं त्याला कळण्याचा प्रश्नच नाही. आणि मग तो अचानक फ्रेंच बोलायला लागतो. तो क्षण माझ्या अंगावर काटा आणणारा आहे, कारण तोपर्यंत त्याला इतकं चांगलं फ्रेंच येतं ह्याचा आपल्याला पत्ताच नव्हता.

इंग्लिशमध्ये 'यू' म्हटलं की काम भागतं, नातं उघडं पडत नाही. फ्रेंचमध्ये उतरलं की तू म्हणायचं की तुम्ही हे ठरवावंच लागतं, सुटका नाही. आणि ते तू वर येतात. आपल्याला हे समजावून सांगायला नकोच. ह्याची मराठी सबटायटलं मला करायला दिली तर माझी झोप उडेल. भाषणाच्या वेळी ती "तुम्ही लिहिलंय", गाडीत कदाचित "तुमचं म्हणणं", आणि मग? तू? की अहो? 'अहो' लिहिलं की त्या एका शब्दात पंधरा वर्षं येतील आणि 'तू' लिहिलं की त्याच पंधरा वर्षांचा रंग वेगळा होईल. माझी आई बाबांना अहो म्हणायची आणि फक्त दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात एकदा मी तिला "अरे ऐक ना" म्हणताना ऐकलंय. कुठून आला तो शब्द माहीत नाही.

आणि शेवट बघा. हॉटेलच्या खोलीत ती त्याला थांब म्हणते आणि हाक मारते ती तोतरी, ज-ज-ज-जेम्स. मारीच्या नवऱ्याची हाक. उसनी हाक आहे, नक्कल आहे, पण ती त्या क्षणी जितकी खरी आहे तितकं त्या अख्ख्या दिवसात कोणीच काही खरं बोललेलं नाही.

मुशाफिर

कामानिमित्त तीन वर्षं फ्लोरेन्सला होतो, तिथून आरेत्सो आगगाडीने तासाभराच्या आसपास. पिक्चरच्या जागांबद्दल थोडं लिहितो कारण कियारोस्तामीने जागा काय विचार करून निवडल्यात हे तिथे गेल्यावरच मला कळलं.

पहिलं आरेत्सो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि त्याच्या आदल्या शनिवारी तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, १९६८ पासून. चौकात, गल्ल्यांत, चर्चच्या पायऱ्यांपर्यंत मांडामांड. खुर्च्या, कुलपं, देवदूतांचे पंख मोडलेले पुतळे, तांब्याची भांडी. विकणाऱ्याला विचारलं की ही वस्तू किती जुनी, तर बरेच जण हातात घेऊन उलटी करून दाखवतात, मागची बाजू, खिळे, वाळवीची भोकं. म्हणजे अस्सल-नक्कल हा त्या गावाचा रोजचा धंदा आहे, आणि तिथेच हा माणूस येऊन सांगतो की भेद विसरा. तिचं दुकान आरेत्सोत असणं हा योगायोग नाही.

त्याच गावात सान फ्रांचेस्को चर्चमध्ये पिएरो देल्ला फ्रांचेस्काची पंधराव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, खऱ्या क्रुसाची कथा. त्यात एक प्रसंग असा की तीन क्रूस सापडतात आणि त्यातला येशूचा खरा कुठला हे कळत नाही, मग राणी हेलेना ते एका मेलेल्या तरुणावर धरते, ज्याने तो उठून बसतो तो खरा. पिक्चरमध्ये हे चित्र कुठे दाखवलेलं नाही, पण मी तिथे मान वर करून उभा होतो तेव्हा मला बिनोशच आठवत होती. लाकूड बघून खरं-खोटं ठरवता आलं नाही, मेलेलं उठलं का ते बघावं लागलं.

ती त्याला ज्या चित्रापुढे नेऊन उभी करते ती पॉलिम्निया, कलादेवता, ते चित्र कोर्तोनाच्या संग्रहालयात आहे. खूप वर्षं ते प्राचीन रोमन समजलं जायचं, मग ते नंतरच्या काळातली नक्कल आहे असं मानलं जायला लागलं, आणि तरी गावाने ते काढून टाकलं नाही, तितक्याच मानाने ठेवलंय. तिला वाटतं हे बघून तो खूष होईल, त्याच्या पुस्तकाचा जिताजागता पुरावा! तो फारसं लक्ष देत नाही. मला तिथे तिचं फार वाईट वाटलं.

आणि लुचिन्यानो, जिथे दुसरा अर्धा भाग घडतो. छोटं, डोंगरमाथ्यावरचं, गल्ल्या गोल गोल एकात एक, कांद्याच्या पाकळ्यांसारख्या, चालत राहिलं की परत तिथेच येतो. तिथल्या संग्रहालयात सोन्याचं झाड आहे, साधारण अडीच मीटर उंच, फांद्यांवर पोवळी. १३५० ला काम सुरू झालं आणि १४७१ ला संपलं. १९१४ साली ते चोरीला गेलं, नंतर बरेच तुकडे सापडले, जोडून परत उभं केलं. नवीन लग्न झालेली जोडपी अजून त्याच्यापुढे येऊन शपथ घेतात. पिक्चरमध्ये नवरा-नवरी ह्या दोघांना फोटोत बोलावतात, शुभशकुन म्हणून, तो नको म्हणत असतो, शेवटी उभा राहतो. चोरून तुकडे झालेलं, डाग दिलेलं झाड आहे ते! आणि लोक त्याच्यापुढे जन्माच्या शपथा घेतात आणि त्या शपथा खऱ्या असतात.

अत्तरदाणी

मुशाफिर, वाचून तिकीट काढावंसं वाटतंय.

मला कोण कोणाचं कोण ह्यापेक्षा खांद्यावरच्या हाताबद्दल बोलायचंय. चौकात कारंज्यावर पुतळा आहे, बाईने पुरुषाच्या खांद्यावर डोकं टेकवलंय. तिला तो फार आवडतो, त्याला नाही. ती शेजारच्या वयस्कर प्रवासी जोडप्याला मध्ये घेते, तुम्हीच सांगा म्हणून. तो म्हातारा आधी आपल्याला बायकोवर खेकसताना दिसतो आणि मग कळतं की तो फोनवर बोलतोय. तर हा म्हातारा जेम्सला बाजूला नेतो आणि वडीलकीच्या नात्याने सांगतो की तिला फार काही नकोय, तू तिच्या बाजूने चाल आणि खांद्यावर हात ठेव, एवढंच.

ही भूमिका केलीय जाँ-क्लोद कारिएरने, हाच तो ज्याने पीटर ब्रूकच्या 'महाभारता'ची संहिता लिहिली, १९८५ ला आविन्योंला झालेलं नऊ तासांचं नाटक. अख्खं महाभारत पचवलेला माणूस येऊन एका वाक्याचा सल्ला देतो, खांद्यावर हात ठेव. मला हे कळल्यावर मी तो प्रसंग परत लावून बघितला.

आणि तो ठेवतो हो! रस्त्याने जाताना हळूच हात ठेवतो. तिचा चेहरा त्या वेळी बघा. ती खानावळीत जाते, आत आरशापुढे उभी राहून लिपस्टिक लावते, कानात डूल घालते, एक काढून दुसरं लावून बघते, आणि आरसा म्हणजे कॅमेरा आहे, ती सरळ आपल्या डोळ्यांत बघून नटतेय. बाहेर येते तर तो वाइन खराब निघाली म्हणून धुमसतोय. ती म्हणते अरे तुझ्यासाठी नटून आलेय, बघ तरी. तो बाटलीबद्दल बोलत राहतो.

मी आमच्या घरच्या एका लग्नाला पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने घेतलेली पैठणी नेसले होते, मोरपंखी, आणि हॉलच्या दारात आमच्याकडच्यांनी मला बघून पहिलं वाक्य म्हटलं ते गाडी लावायला जागा मिळाली नाही. अठरा वर्षं झाली. माणूस वाईट नाही. पण मला ते दार आठवतं, ती साडी आठवते, आणि बिनोश त्या टेबलाशी बसली तेव्हा मी सोफ्यावर सरळ होऊन बसले.

नक्कलनवीस

नमस्कार. मी पिक्चर बघितलेला नाही, कोरांटीताईंचा मथळा बघून आत आलो. महसूल खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच नकला देण्याच्या कामात. 'अस्सल बरहुकूम नक्कल' हा शिक्का माझ्या हातून किती हजार वेळा उमटला असेल सांगता येणार नाही. ह्या शब्दांवर कोणी इतकं लिहील असं कधी वाटलं नव्हतं म्हणून सगळा धागा वाचला.

एक गोष्ट सांगावीशी वाटते. नकलेवर नुसता शिक्का नसतो. त्याच्या खाली ओळी असतात, नक्कल केली, वाचली, रुजवात घेतली, आणि त्या त्या माणसाची सही. झेरॉक्स सगळीकडे यायच्या आधी हाताने नकला व्हायच्या. मग दोघं समोरासमोर बसायचे. एक जण अस्सल कागद धरून मोठ्यांदा वाचणार, दुसरा नकलेवर बोट ठेवून ऐकणार. "पूर्वेस ओढा." "हो." "दक्षिणेस अमक्याची जमीन." "हो." कुठे शब्द चुकला, आकडा फिरला, की ऐकणारा म्हणणार थांबा. मग दुरुस्ती, त्यावर बारीक सही, आणि पुढे. ह्याला रुजवात म्हणतात. एकट्याला रुजवात घेता येत नाही, दोन माणसं लागतात, आणि ऐकणाऱ्याचं लक्ष वाचणाऱ्याइतकंच लागतं.

तुम्ही लोकांनी जे लिहिलंय, ती म्हणते तू काल झोपून गेलास, तो म्हणतो मी दमलो होतो, तर मला वाटलं की हे दोघं रुजवात घेतायत. अस्सल काय होतं ते त्यांनाही आता धड दिसत नसेल. जुन्या कागदांचं तसंच होतं. घडीवर आधी विरतो, मग तिथली ओळ जाते, कडा वाळवी खाते. काही मोडीतले कागद असे असायचे की बासन सोडलं की भुगा हाताला लागायचा. तेव्हा पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोणीतरी जीव ओतून केलेली नक्कल हाच आधार उरतो आणि लोकांच्या जमिनी त्याच्यावर टिकतात. पण त्या नकलेला किंमत कशामुळे, तर तेव्हा दोन माणसांनी समोरासमोर बसून शब्दन् शब्द मिळवून घेतला म्हणून.

मुलीला सांगितलंय, रविवारी लावून देते म्हणाली.

रानवारा

काका, तुम्ही पिक्चर न बघता जे लिहिलंत ते मी तीनदा बघून मला सुचलं नाही. मी इतके दिवस पुरावे गोळा करत बसले होते, फ्लोरेन्स, हॉटेल. पुरावे दोन्ही बाजूंनी सारखेच निघतात आणि ते सारखे निघावेत अशीच त्याने मांडणी केलीय.

कियारोस्तामीचा हा जुनाच ध्यास आहे. १९९० च्या 'क्लोज-अप'मध्ये एक गरीब माणूस प्रसिद्ध दिग्दर्शक मोहसेन मखमलबाफ असल्याचं सांगून एका कुटुंबात शिरतो, पकडला जातो, आणि ह्या खऱ्या घडलेल्या प्रकरणातली खरी माणसंच पिक्चरमध्ये परत तेच करून दाखवतात. तोतया माणूस, पण त्याचं सिनेमावरचं प्रेम तोतया नाही. आणि 'सर्टिफाइड कॉपी'चा जन्म पण तसाच, त्याने बिनोशला ही गोष्ट स्वतःबाबत घडलेली म्हणून सांगितली, तिने मनापासून ऐकली, शेवटी विचारलं विश्वास बसला का, ती हो म्हणाली, तर म्हणाला हे खरं नाहीये. ती खूप हसली म्हणे. तिला तिथेच पिक्चर कळला असणार.

जेम्स झालेला विल्यम शिमेल तर नटच नाही, ऑपेरातला गायक, हा त्याचा पहिला पिक्चर. कियारोस्तामीला तो मोझार्टच्या ऑपेराचं दिग्दर्शन करताना भेटला. म्हणून तो बिनोशसमोर थोडा अवघडलेला वाटतो आणि ते अवघडलेपण त्या नवऱ्याला शोभतं.

साधा_प्रेक्षक

नक्कलनवीस काकांचं वाचून काल परत लावला. सतरंजी ओढल्याचा राग अजून आहे, खोटं कशाला बोलू. पण ह्या वेळी एक दिसलं जे आधी निसटलं होतं. खानावळीत भांडण चालू असताना तो एक फारसी कविता आठवतो, पानं गेलेल्या बागेची, की ती सुंदर नाही असं कोण म्हणेल. अखवान-सालेसची कविता आहे ती, मी शोधून काढलं. इंग्रज लेखक, फ्रेंच बाई, इटलीतली खानावळ, आणि दिग्दर्शकाने त्याच्या तोंडी स्वतःच्या भाषेतली बाग ठेवली. परदेशात बसून माणसाला आपलीच कविता आठवते. मी सहा वर्षं मस्कतला होतो, मला हे कळतं.

माझं मत विचाराल तर ती बाग म्हणजे तेच दोघं आहेत. पानं कधी होती का, किती होती, ह्यावर भांडून उपयोग नाही.

शब्दफोड

चर्चमधून बाहेर पडणारं ते वाकलेलं जोडपं बघितलंत का? दोघं एकमेकांच्या आधाराने, पावलं एवढी एवढी. बिनोश आणि जेम्स त्यांच्याकडे बघत राहतात. संवाद नाही काही. त्याच्या आधी ती चर्चमध्ये जाऊन आलीय, त्याला वाटलं प्रार्थनेला गेली असेल, तर ती म्हणते श्वास कोंडत होता म्हणून आतले कपडे सैल करायला गेले होते. बाईच्या अंगाला दिवसभर काय काय टोचत असतं हे एका पुरुष दिग्दर्शकाला सुचावं!

नक्कलनवीस

रविवारी पिक्चर बघितला. मुलीने मध्ये मध्ये थांबवून समजावलं. मंडळींना जाऊन चार वर्षं झाली. खांद्यावर हात ठेवायचा तेवढा भाग परत लावायला सांगितला. बाकी नंतर लिहीन.

कोरांटी

काका, तुमच्यासाठी काय लिहावं कळत नाही. नमस्कार करते.

मी काल शेवटची वीस मिनिटं परत लावली आणि ह्यांना म्हटलं बसा जरा. कधी बसत नाहीत, पण बसले. गोष्ट थोडक्यात सांगितली, कोण कोणाचं कोण ते सांगितलं नाही. लॉज, वरच्या मजल्यावरची ९ नंबरची खोली, ती म्हणते इथेच आपण पंधरा वर्षांपूर्वी राहिलो होतो, ती पलंगावर, उन्हं उतरलेली. त्याला काही आठवत नाही. ती थांब म्हणते, तो म्हणतो सांगितलं होतं ना, नऊची गाडी आहे. मग तो न्हाणीघरात जातो, आरशात बघतो, म्हणजे आपल्याकडे बघतो, मागच्या छोट्या खिडकीतून गावची कौलं आणि घंटाघर दिसतंय. घंटा वाजायला लागतात. तो निघून जातो आणि खिडकी तशीच राहते, त्याच्यावरच नावं येतात.

नावं संपेपर्यंत हे उठले नाहीत. मग म्हणाले, "गाडी गाठायचीय तर तो आरशापुढे एवढा वेळ का उभा राहिला?"

मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं?

म्हणाले, "अगं ते त्याच दारातून बाहेर जायचं ना, जिथे ती पडलीय."

मी हे आधी बघितलंच नव्हतं. जिना पकडायचा तरी तिच्या खोलीतूनच जावं लागणार आहे त्याला. आज पहिल्यापासून लावायला सांगितलाय त्यांनी, जेवणं झाली की बसतो.